खानीवडाखाली

वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी एकोणीस वर्षं काढली. त्यातली काही वर्षं वाचकांची पत्रं माझ्याकडे होती. बंद खोलीतून येणारा उदबत्तीचा वास, रिक्षात बसून वाटेत नाहीशी झालेली बाई, मेलेल्या काकांनी दाखवलेली कागदपत्रं... अशी पत्रं आठवड्याला दोन-तीन तरी यायची. मी ती वाचत असे, शुद्धलेखन मनातल्या मनात सुधारत असे आणि टोपलीत टाकत असे. एकही छापलं नाही. त्याबद्दल आजही वाईट वाटत नाही, कारण त्यातल्या बहुतेकांत वेळ, जागा आणि साक्षीदार यांपैकी काहीच नसायचं.

खाली लिहितो आहे त्यात तिन्ही आहेत. तरीही हे पत्र माझ्या टेबलावर आलं असतं तर मी ते टाकूनच दिलं असतं.

जागा — चांदीप, वसई तालुक्याची पूर्व बाजू. काळ — नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं तो. माझी बायको मेधा तिकडच्या माध्यमिक शाळेत लागली, म्हणून गोखिवऱ्याचा फ्लॅट बंद करून आम्ही चांदीपला एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. खाली घरमालक राहायचे : बेबीवहिनी आणि त्यांचे यजमान भास्करभाऊ. भातशेती, दोन म्हशी, मागे भाजीचा वाफा. वर यायला बाहेरून जिना. अरुंद, उभा, कठडा एकाच बाजूला.

श्रावणात त्याच जिन्यावरून मी घसरलो. उजव्या नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. मांडीपर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. दवाखान्यातून आल्यावर चौघांनी मला खुर्चीसकट उचलून वर नेलं आणि पलंगावर ठेवलं. त्यानंतर मी खाली उतरू शकत नव्हतो.

मेधा सकाळी साडेदहाला जायची, साडेपाचला यायची. मधले सात तास मी, एक पलंग, एक टेबल आणि एक खिडकी. खिडकीतून दिसायचं ते एवढं : गोठ्याचं पत्र्याचं छप्पर, भाताची चार खाचरं आणि सागाच्या झाडांपाशी वळून दिसेनाशी होणारी पायवाट. वळणापलीकडे काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. पहाटे निघायचं आणि अंधार पडल्यावर परतायचं, यात गाव पाहणं झालंच नव्हतं.

संपादक फोनवर — म्हणजे रस्त्यावरच्या दुकानदाराकडे आलेल्या निरोपात — स्पष्ट बोलले होते. जिल्ह्याचं पान माझ्याकडे होतं. घरी इंटरनेट असेल तर पान माझ्याकडे राहील, बातम्या मेलने येतील, दुपारी साडेतीनच्या आत मी त्या तपासून परत पाठवायच्या. नसेल तर पान दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. त्यांचं चुकत नव्हतं.

टेलिफोनचा अर्ज मी आठ महिन्यांपूर्वीच भरला होता. बेबीवहिनींना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मंग आधी का नाय बोललात, भावजी? माझा भाचाच लाइनमन हाय.”

अशा रीतीने दत्ताराम आमच्याकडे आला. तिशीचा, सडपातळ, पायात प्लास्टिकचे बूट, सायकलच्या हँडलला अडकवलेली झोळी. झोळीत पक्कड, चिकटपट्टी आणि तारेला चिमटा लावून बोलायचा लाइनमनचा फोन. दारातूनच म्हणाला, “मावशी म्हनते साहेबाला नेट पायजे. नेट म्हंजे ते कीं कीं वराडतं तेच ना?”

“तेच. आठ महिने झाले अर्जाला.”

“अर्ज हाय हो, पन पेअर कुठंय?” पेअर म्हणजे एका फोनला लागणारी तारांची जोडी. “रस्त्यावरच्या डब्यात एक पन शिल्लक नाय. आता... दुसऱ्या अंगानं आनता येईल. जरा फिरून. तुमी इचारायचं नाय, मी सांगायचं नाय.”

मी विचारलं नाही. बातमीदारीत ज्या प्रश्नाचं उत्तर सोयीचं नसतं तो प्रश्न विचारायचाच असतो, हे मी नवख्यांना शिकवत आलो होतो. पण मला लाइन हवी होती. दोन दिवसांनी सागाच्या वळणाकडून एक काळी तार आली, गोठ्यावरून माझ्या खिडकीत शिरली आणि टेबलावरच्या फोनला जोडली गेली.

मोडेम मेधाच्या भावाने आणून दिला. नंबर फिरवल्यावर तो आधी शिट्टी वाजवायचा, मग पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज करायचा, मग गप्प व्हायचा. गप्प झाला की आपण आत. पहिल्या दिवशी मी पान वेळेत पाठवलं. “पोचलं” असा एका शब्दाचा मेल आला, तो मी तीनदा वाचला.

अडचण एकच होती. नेट चालू असलं की फोन बंद. फोन उचलला की नेट तुटायचं. बाहेर जायला एकच वाट आणि तिच्यातून एका वेळी एकच काहीतरी जाणार.

पहिल्या आठवड्यानंतरच्या मंगळवारी, दुपारी दोनला, रोजच्याप्रमाणे डोंगराकडच्या खडी-क्रशरवाल्यांनी सुरुंग लावला. खिडकीची काच थरथरली. त्यानंतर दहा-बारा मिनिटांत नेट तुटलं. डायल टोन आहे का ते पाहायला मी फोन उचलला.

टोन नव्हता. खरखर होती. खरखरीमागे पाऊस होता, पाण्यावर पडणारा. आणि त्यामागे एका पुरुषाचा आवाज, धाप लागलेला, थांबत थांबत बोलणारा, ओळखू न येणारा.

फोनवर कुणी काही सांगू लागलं की ते आधी जसंच्या तसं उतरवायचं आणि सुधारायचं नंतर, ही सवय मला एका जुन्या वरिष्ठांनी लावली होती. हाताशी पॅड होतंच. मी लिहिलं :

पाय आडकलाय... खानीवडाखाली... पानी चढतंय... कोन हाय का...

मग मी बोललो. “हॅलो, तुमचं क्रॉस कनेक्शन लागलंय. लाइन सोडा, प्लीज.”

खरखर थांबली. टोन आला. माझ्या खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं. त्या दिवशी तालुक्यात कुठेच पाऊस नव्हता हे मला ठाऊक होतं, कारण पानावरची पावसाची चौकट मीच भरली होती.

माणूस अडचणीत आहे असं वाटलं नाही का? वाटलं. खानिवडे हे हायवेवरचं गाव. बसच्या पाट्यांवर रोज पाहिलेलं नाव. इकडच्या जुन्या लोकांच्या बोलीत ण चा न होतो, प्रत्यय गळतात, तेव्हा ‘खानिवड्याखाली’चं ‘खानीवडाखाली’ झालं असणार, हे मी उतरवतानाच ठरवून टाकलं. त्या बाजूच्या आमच्या बातमीदाराला फोन लावला. तो म्हणाला, “सगळं ठीक आहे. पाणीबिणी काही नाही. कोरडं ठाक आहे.” बातमी नव्हती. विषय संपला.

बुधवारी सुरुंगानंतर पुन्हा नेट तुटलं आणि पुन्हा तोच आवाज. तीच वाक्यं, त्याच क्रमाने, त्याच जागी धाप. मी आदल्या दिवसाच्या ओळींवर पेन्सिल टेकवत ऐकलं. एकही शब्द इकडचा तिकडे नव्हता. कुणीतरी चेष्टा करतं आहे किंवा कुठल्या नाटकाची टेप वाजते आहे, असं मनाशी म्हणालो. “अहो, लाइन सोडा. इथे काम चाललंय,” असं जरा चढ्या आवाजात सांगितलं. संध्याकाळी मेधाला पॅड दाखवलं. ती म्हणाली, “चेष्टा करणारा माणूस इतका दमेल का रे?”

गुरुवारी पान अर्धं गेलेलं होतं. पालघरकडच्या एका मोठ्या बातमीची दुरुस्ती व्हायची होती आणि नेट तुटलं. फोन उचलला. पाऊस, धाप, पाय, पाणी. या वेळी शेवटी एक ओळ जास्त होती — मौशीला सांगा. ती उतरवली आणि मग मी ओरडलो. अगदी ओरडलो. “लाइन सोडा म्हणतोय ना! किती वेळा सांगायचं? सोडा!”

त्या दिवशी पान दहा मिनिटं उशिरा पोचलं. संपादकांनी मेलमध्ये फक्त घड्याळातली वेळ लिहून पाठवली.

मी एक्स्चेंजला तक्रार केली. तिथल्या कारकुनाला मजकूर सांगताना सवयीने शुद्ध करून सांगितला : एक इसम म्हणतो की खानिवड्याखाली त्याचा पाय अडकला आहे, पाणी चढत आहे, मावशीला सांगा.

तो हसला. “साहेब, ही तक्रार आमच्याकडे का करताय? मावशीकडे करा.” मग म्हणाला, “खानिवडे आमच्या एक्स्चेंजात येतच नाही. त्याची लाइन तुमच्यात कशी घुसेल? तुमची तार कुठेतरी घासत असेल. माणूस पाठवतो.”

माणूस म्हणजे दत्तारामच. शुक्रवारी अकराला आला. पलंगाशेजारी स्टूल ओढून बसला, आपला चिमट्याचा फोन तारेला लावून बराच वेळ ऐकत राहिला.

“काय नाय, साहेब. स्वच्छ हाय. तुमचा मोडेमच बोलतो, दुसरं कोन?”

“मोडेम मराठी बोलतो का?”

“आमच्या तारेतून आला म्हंजे शिकला असंल.”

मी त्याला मजकूर सांगितला. तोच, शुद्ध केलेला. खानिवड्याखाली म्हटल्यावर त्याने ओठ बाहेर काढून मान हलवली. ते गाव त्याच्याकडे नव्हतं. मावशीचं ऐकून मात्र हसला. “मावशी सगळ्यांनाच असते, साहेब. मला तर खालीच हाय.” आणि जिन्याकडे तोंड करून ओरडला, “ए मावशे, कोन तरी फोनवर तुला बोलावतंय बघ!”

“चा ठेवलाय, आधी तो पी,” खालून उत्तर आलं.

निघताना म्हणाला, “तार एका जागी घासते, ती जागा मला म्हाइत हाय. उद्या दुपारी बघून येतो. तीनला मावशीकडं चा, त्याच्या आधी तुमचं काम.”

त्या वेळी पॅड माझ्या मांडीवर होतं. ते त्याच्या हातात दिलं असतं तर पुढचं काही झालं नसतं, असं मला पुष्कळदा वाटतं. मग वाटतं, की मी तक्रारच केली नसती तर तो गेलाच नसता. आणि तो गेला नसता तर तक्रार करण्यासारखं काही मला ऐकू आलं असतं का? या प्रश्नापाशी मी नेहमी थांबतो. पुढे जाता येत नाही.

शुक्रवारी दोनच्या सुरुंगानंतर नेट तुटलं नाही. शनिवारी सकाळपासून पाऊस लागला होता. मेधाची शाळा अर्धा दिवस असायची, पण त्या दिवशी शिक्षकांची सभा होती. दोनला सुरुंग झाला. पावसातसुद्धा काच थरथरली. दोन वाजून सात मिनिटांनी मोडेमचा हिरवा दिवा विझला. फोन उचलला. टोन नाही, खरखर नाही, आवाज नाही. फोन कानाला लावून मी पाच मिनिटं बसलो. इतकी शांत लाइन मी कधी ऐकली नव्हती. तार तुटली होती.

पान गेलं नव्हतं. मी चरफडत बसलो. पानाचाच विचार करत होतो हे लिहिलं पाहिजे.

साडेतीनला बेबीवहिनी जिना चढून आल्या. डोक्यावर इरलं, हातात माझा चहा.

“दत्ता वर येऊन गेला का, भावजी?”

“नाही. फोनही बंद पडलाय.”

“चा गार झाला त्याचा. तीन म्हंजे तीनला येनारा मानूस. माझ्या भैनीला मी वचन दिलंय, मी जाईपर्यंत त्याच्याकडं बघीन म्हनून...” त्या हसल्या, पण खिडकीपाशी जाऊन वळणाकडे पाहत राहिल्या. “एवढ्या पान्यात कुठं बसलाय हा?”

एवढ्या पान्यात. मी पॅडकडे पाहिलं. मंगळवारची तारीख, तिच्याखाली त्या ओळी, त्याखाली गुरुवारची जास्तीची ओळ. मौशीला सांगा. आणि बाहेर आता तोच पाऊस पडत होता, जो मी तीन दिवस उन्हात बसून ऐकला होता.

मी त्यांना जे सांगितलं ते तर्काला धरून नव्हतं हे मला सांगतानाही कळत होतं. दत्ताराम खानिवड्याला आहे, पाय अडकलाय, पाण्यात आहे. “तुम्हाला कोनी सांगितलं?” त्यांनी विचारलं. “फोनवर,” मी म्हणालो. “फोन तर बंद हाय,” त्या म्हणाल्या. मी म्हणालो, “आधी आला होता.”

त्या तशाच वळल्या. जिन्यावरूनच हाक मारली. भास्करभाऊ शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून पावसात खानिवड्याला गेले.

मी खिडकीशी. पायात प्लास्टर, हातात मुका फोन. बेबीवहिनी खालच्या ओट्यावर उभ्या होत्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाज वर येत होता. मी सवयीने वेळ लिहीत होतो. तीन सत्तेचाळीस. तीन पंचावन्न. चार पाच. मोटरसायकल परत आली नाही. एक माणूस पाण्यात आहे आणि मी त्याच्यापासून किती अंतरावर आहे हेसुद्धा मला ठाऊक नाही, असं तेव्हा वाटलं. उठायचा प्रयत्न केला. पलंगाच्या कडेवरून पडलो आणि पडलेलाच राहिलो.

आवाज ऐकून त्या वर आल्या. मला उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग माझ्याशेजारी जमिनीवरच बसल्या.

“काय बोलला तो, परत सांगा.”

“खानिवड्याखाली माझा पाय अडकला आहे, पाणी...”

“असं नाय. दत्ता असं बोलत नाय. त्याच्या तोंडचं सांगा. लिहिलंय ना तुमी? तसंच वाचा. तुमचं काय घालू नका.”

मी पॅड ओढलं आणि वाचलं. अक्षराला अक्षर लावून, नवखा वाचतो तसं. “पाय आडकलाय. खानीवडाखाली. पानी...”

त्या ताडकन उठल्या. “खानिवडं नाय वो, भावजी! खानीवरचा वड! वळनाच्या पल्याड जुनी दगडाची खान नाय का, बंद पडलेली? तिच्यावर वड हाय. खानी-वड. त्याच्या खाली!” बोलता बोलता त्या जिना उतरत होत्या. “पावसाचं पानी सगळं तिथंच जातं...”

खान म्हणजे खाण. वड म्हणजे वड. चार दिवस ते शब्द माझ्यासमोर लिहिलेले होते, माझ्याच अक्षरात, बरोबर. मी ते सुधारले होते.

जमिनीवर पडून मला खिडकी दिसत नव्हती. ऐकू येत होतं फक्त. विहिरीवरचा दोर ओढून काढल्याचा आवाज. मग त्यांची हाक, शेतातल्या माणसांना, इतक्या उंच पट्टीत की म्हशी ओरडल्या. मग पाऊस. चार तेवीसपासून पाच बारापर्यंत दुसरं काही नाही.

पाच बाराला माणसांचा गलका आला. मी वरून ओरडलो, “आहे का?” पुन्हा ओरडलो. मग बेबीवहिनींचा आवाज आला, फाटलेला. “हाय, भावजी! शिव्या देतोय!”

पुढचं मला इतरांकडून कळलं. दत्तारामने माझी तार त्या जुन्या खाणीवरून आणली होती, वडाच्या फांदीवरून. तोच तो सांगायचा नसलेला रस्ता. पावसाने तार सैल होऊन खाली लोंबली होती. ती सोडवायला तो कपारीत उतरला, दोनचा सुरुंग झाला आणि पाच-सात मिनिटांत पायाखालचा दगड निसटला. तार तुटली. पाय दोन दगडांच्या फटीत बसला. पाणी तेव्हा कमरेला होतं. सोडवायला गेले तेव्हा हनुवटीला होतं. वडाला बांधलेल्या तारेचं टोक त्याच्या हातात होतं, त्याच्यावर तो तोल धरून होता. पाऊस असा होता की त्याचं ओरडणं शेतापर्यंत येत नव्हतं.

महिन्याभराने माझं प्लास्टर निघालं होतं आणि त्याच्या पायाला अजून होतं. या वेळी मी खाली बेबीवहिनींच्या ओट्यावर बसलो होतो. तो काठी टेकत आला आणि शेजारी बसला.

मी त्याला पॅड दाखवलं. त्याने बोट फिरवत वाचलं. “असंच बोललो. मौशी पन. ते शेवटाला बोललो, पानी छातीला आलं तवा.”

“कशातून बोललास? चिमट्याचा फोन लावला होतास?”

“फोन कुठला, साहेब? झोळी सायकलला, सायकल वर वडाला. सगळ्यांनी बघितली की.” बेबीवहिनींनी मान हलवली. “मी नुसता वराडत होतो. कोनाला ऐकू जाईल म्हनून नाय. गप बसवत नव्हतं म्हनून.”

मी पॅड मिटलं.

“पन तुमचं मला ऐकू येत होतं,” तो म्हणाला.

“माझं?”

“हातात तार होती ना. कानाला लागूनच. तिच्यातून. पहिल्यांदी नीट बोललात. दुसऱ्यांदी जरा चिडून. तिसऱ्यांदी तर काय, हेडमास्तरासारखे.” त्याने माझी नक्कल केली, हुबेहूब. “लाइन सोडा म्हनतोय ना! किती वेळा सांगायचं? सोडा!”

ते वाक्य मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. पॅडवर मी फक्त त्याचं लिहिलं होतं, माझं नाही.

“मग?” मी विचारलं.

“मंग काय? हाताला तारेचा आनखी एक येढा मारला.” त्याने शर्टाची बाही वर केली. मनगटावर तारेचे तीन वळ होते, अजून लाल. “म्हनलं, साहेबाला वर बसून सोडा म्हनायला काय जातंय!”

तो हसला. मला हसता आलं नाही.

वेळ, जागा, साक्षीदार दिले आहेत. मंगळवारच्या तारखेचं ते पान माझ्याकडे आहे. मेधाने ते बुधवारी पाहिलं होतं. खानिवड्याच्या बातमीदारालाही माझा मंगळवारचा फोन आठवतो, “कोरडं ठाक” असं आपण म्हणालो होतो हेही आठवतं. एक्स्चेंजमधल्या एका अभियंत्याला मी पुढे सगळं सांगितलं. तार घासली की दुसऱ्या लाइनचं बोलणं मिसळतं हे त्याने नीट समजावलं. मी विचारलं, शनिवारचं बोलणं मंगळवारी मिसळतं का? त्याने चहा मागवला. मला आजतागायत दुसरं उत्तर मिळालेलं नाही आणि मी आता शोधत नाही.

आम्ही चांदीप सोडून पुष्कळ वर्षं झाली. दत्ताराम किंचित लंगडतो, एरवी ठणठणीत आहे. मधूनमधून त्याचा फोन येतो. मावशीची तब्येत, भात कसं झालं, माझा पाय कसा आहे, असं बोलतो. बोलणं संपलं की न चुकता विचारतो :

“मंग साहेब, आता सोडू का लाइन?”

मी हो म्हणत नाही. तो फोन ठेवेपर्यंत कानाला लावून बसतो.